वरिष्ठ डॉक्टरांचा दृष्टिकोन व वैद्यकीय विद्यार्थ्यांची कार्यक्षेत्रनिवड

वैद्यकीय विद्यार्थी पुढे कोणती शाखा व कोणते कार्यक्षेत्र निवडतो, यावर वरिष्ठ डॉक्टरांच्या बोलण्याचा आणि वागण्याचा मोठा प्रभाव असतो. हा प्रभाव पाठ्यपुस्तकातून येत नाही. रुग्णाच्या खाटेशेजारी सहज काढलेल्या उद्गारांतून तो येतो. शिक्षणशास्त्रात यास 'छुपा अभ्यासक्रम' म्हणतात. फ्रेडरिक हॅफर्टी व रोनाल्ड फ्रँक्स यांनी १९९४ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या संदर्भात ही संकल्पना मांडली. ब्रिटनमध्ये व्हॅलरी वास यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ च्या अहवालात, महाविद्यालयांतील हेटाळणीमुळे विद्यार्थी कुटुंबवैद्यकाकडे पाठ फिरवतात, याकडे लक्ष वेधले.

महाराष्ट्रात

आपल्याकडे अशी उपेक्षा प्रामुख्याने ग्रामीण सेवेच्या वाट्याला येते. हुशार विद्यार्थी खेड्यात गेला की 'वाया गेला' असे म्हणण्याची रीत आहे, आणि ती दुर्दैवाने केवळ पालकांपुरती मर्यादित नाही. याला छेद देण्याचा संस्थात्मक प्रयत्न १९६९ मध्ये सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत झाला. तेथे नवे विद्यार्थी आरंभी आश्रमात राहतात व पुढे शिबिरासाठी खेड्यात मुक्काम करतात.

बिरवाडीचे उदाहरण

खेड्यात ज्ञानाची वाढ खुंटते, हा समज किती पोकळ आहे हे महाड तालुक्यातील बिरवाडीने दाखवले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी साचते व रुग्ण दगावतो, हे त्यांनी रात्र-रात्र रुग्णांजवळ बसून नोंदवले. पुण्यात एम.डी. करून ते याच परिसरात परतले. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या दंशावर गुणकारी ठरते, हा डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला त्यांचा निष्कर्ष १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण पूर्वी ३० टक्क्यांच्या आसपास होते. ते १ टक्क्याजवळ आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आंतरवासितेत विद्यार्थी प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, तेव्हा तेथील वैद्यकीय अधिकारी हाच त्याचा वरिष्ठ असतो. तो आपल्या नेमणुकीला शिक्षा मानत असेल, तर विद्यार्थीही तेच शिकून परततो.