रॉकेलच्या रांगेपासून वीजबिलापर्यंत

न्हाव्याच्या किनाऱ्यावरून रात्री उत्तरेला पाहिले की तुर्भ्याच्या वीजकेंद्राचे, म्हणजे ट्रॉम्ब्याचे, दिवे दिसतात. त्यापलीकडे मुंबईचा झगमगाट. पाठीमागे बंदराच्या क्रेन दिवसासारख्या उजळलेल्या. आणि या सगळ्या उजेडाच्या मधोमध, हाकेच्या अंतरावर, घारापुरी बेट. जगभरचे पर्यटक जिथे लेणी पाहायला येतात त्या बेटावरच्या शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वाड्यांना कायमची वीज मिळाली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकल्यावर. तोपर्यंत संध्याकाळी तीन-साडेतीन तास जनरेटर चाले, आणि तो बंद झाला की रात्र.

हे मुद्दाम आधी सांगितले, कारण वीजबिल परवडत नाही अशी चर्चा निघाली की आपण कालपरवाच्या दरवाढीबद्दल बोलतो. घरातल्या उजेडाचा आणि चुलीचा खर्च हा प्रश्न मात्र फार जुना आहे, आणि तो हलका करण्यासाठी माणसांनी केलेल्या खटपटीही तितक्याच जुन्या.

आमच्या कोकणपट्टीत पूर्वी दिव्याला उंडीचे नाहीतर करंजाचे तेल असे. झाडे परसात, बिया वेचायच्या मुलांनी, घाण्यावर तेल काढून आणायचे. खर्च होता तो श्रमाचा. मग आले रॉकेल. (याला कुणी रॉकेल म्हणे, कुणी घासलेट. पहिला शब्द ‘रॉक ऑइल’वरून आणि दुसरा ‘गॅसलाइट’वरून आला असे मी वर्गात सांगे, तेव्हा मुलांना हसू आवरत नसे.) रॉकेल आले आणि उजेडासाठी रोख पैसे मोजायची सवय घराला लागली. चिमणी जेवणापुरती, कंदील अभ्यासापुरता, काच पुसायची राखेने आणि वात कापायची सरळ, म्हणजे काजळी कमी धरते आणि तेल कमी लागते. ऊर्जाबचत हा शब्द तेव्हा कुणी ऐकलेला नव्हता. बाकी सगळे होते.

रेशनवरचे रॉकेल ही माझ्या मते घरगुती ऊर्जेला सरकारने दिलेली पहिली मोठी मदत. पण ती मिळवण्यासाठी रांगेत जो वेळ जाई त्याचा हिशेब कुठल्याच अर्थसंकल्पात नसे, कारण रांगेत बायका आणि पोरे असत. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतरच्या महागाईत हा राग रस्त्यावर आला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रिया एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो गृहिणी मोर्चाला निघाल्या. त्यांच्या मागण्यांत धान्य, तेल, साखर यांच्या बरोबरीने रॉकेल होते. स्वयंपाकघराचे इंधन हा राजकारणाचा विषय आहे हे महाराष्ट्राला या बायकांनी शिकवले, असे मला वाटते. पुढे गॅस आला, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, आणि रेशनचे निळे रॉकेल हळूहळू दिसेनासे झाले. २०२४ मध्ये राज्याने पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची योजना जाहीर केली. असो.

विजेची गोष्ट वेगळी, आणि आमच्या भागाला थोडी टोचणारी. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. सह्याद्रीचे पाणी, कुलाबा जिल्ह्यातली टर्बाइने, आणि वीज चालली मुंबईच्या गिरण्यांना. तारा गावांच्या डोक्यावरून गेल्या, खाली चिमणीच. १९२१ मध्ये मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी लढा दिला, तेही पाणी अखेर भिऱ्याच्या वीजकेंद्रासाठीच होते. मग आमची पाळी आली. मुंबई हायचा वायू उरणला आला आणि १९८२ पासून बोकडवीऱ्याला वायूवर चालणारे वीजकेंद्र उभे राहू लागले. सिडकोने जमिनी घेतल्या, बंदरासाठी शेवा गाव उठले. शेव्याची माणसे नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा येथे गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले तेव्हा १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व निघाले. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले.

या सगळ्या देण्याघेण्यात विजेच्या दराचा शब्दही नव्हता. वीज आमच्या दारात तयार होते म्हणून आम्हाला ती स्वस्त मिळावी, असे गावात बरेचजण बोलतात. मला ते पूर्ण पटत नाही. मग पाणलोटातल्या गावाने पाण्याचे काय मागावे? परंतु ज्याची शेती आणि मिठागर गेले त्याला रोखीचे बिल भरायला रोखीचे काम मिळाले का, हा प्रश्न मात्र खरा आहे.

वीज मंडळ १९६० चे. तेव्हापासून दर ठरत ते मंत्रालयाच्या कलाने. मग एन्रॉन आले. दाभोळच्या महाग विजेचा करार सामान्य माणसाच्या बिलावर काय करील हे पुण्याच्या ‘प्रयास’ने, गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आकडे मांडून दाखवले. १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये तो प्रकल्प बंदही पडला. त्याच १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला, आणि दर ठरवण्याआधी जनसुनावणी घेणे सुरू झाले. सुनावणीत बोलायला पदवी लागत नाही. २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झाल्या. पुढची काही वर्षे भारनियमनाचीच आठवतात.

आणि २०२०. टाळेबंदीत मीटरवाचन थांबले, जूनमध्ये एकत्रित बिले आली आणि घराघरांत हाहाकार उडाला. दिवाळीपूर्वी सवलत मिळेल असे ऊर्जामंत्र्यांनी सांगितले होते, नोव्हेंबरमध्ये नाही म्हटले गेले. तीन हप्ते मिळाले, एकदम भरणाऱ्याला दोन टक्के सूट मिळाली. त्या दिवसांत शेजारीपाजारी बिले घेऊन येत, तेव्हा मी एकच गणित करून दाखवी. तीन महिन्यांचे मिळून २७० युनिट असतील तर महिन्याला ९० पडतात, म्हणजे सगळे युनिट शंभरच्या आतल्या स्वस्त टप्प्यात. तेच एका महिन्याचे धरले तर १७० युनिट वरच्या टप्प्यात जातात, आणि तिथला दर जवळजवळ दुप्पट. एकत्रित बिलात टप्पाही तिप्पट केला आहे ना, एवढेच पाहायचे. बहुतेक बिलांत तो केलेला असे. पण पाहिल्यावर जिवाला शांतता मिळे, आणि पाहायचे कसे ते कळे.

शंभरची ही रेषाच खर्च कमी करण्याची किल्ली आहे. साठ वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट घेतो, नऊ वॅटचा एलईडी दीड युनिटही घेत नाही. खरा खाऊ आहे पंखा. ७५ वॅटचा जुना पंखा पंधरा तास फिरला की महिन्याला जवळजवळ ३४ युनिट, नवा बीएलडीसी पंखा तेवढ्यालाच तेराच्या आत. दोन पंखे बदलले की चाळीसेक युनिट वाचतात. पंखा महाग आहे, कबूल. पण उरणच्या दमट हवेत तो वर्षातले दहा महिने फिरतो.

छतावरच्या सौर पॅनेलला २०२४ च्या सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० आणि तीनला ७८,००० रुपये अनुदान ठरले. चांगली योजना, पण ती मागते स्वतःचे छत. आमच्या गावठाणांत गरजेपोटी बांधलेल्या घरांचे कागद अजून कुठल्या ना कुठल्या फायलीत असतात, आणि मीटर असते वारलेल्या आजोबांच्या नावावर. आधी मीटर आपल्या नावावर करून घ्या, मग सूर्य!

२००३ च्या वीज कायद्यातल्या दोन-तीन गोष्टी प्रत्येक घराने वहीत लिहून ठेवाव्यात. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते (कलम ५६). दोन वर्षांपेक्षा जुनी रक्कम बिलात सतत थकीत म्हणून दाखवलेली नसेल तर ती वसूल करता येत नाही. बिलाबद्दल तक्रार असेल तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल, आणि तिथे आपली बाजू आपणच मांडता येते. अर्ज साध्या मराठीत लिहावा, ग्राहक क्रमांक घालावा, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये. शिवाय आपण भरलेल्या सुरक्षा ठेवीवर व्याज मिळते, ते वर्षातून एकदा बिलात वजा होऊन येते. आमच्या आळीतल्या एका आजींना मी ते दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे गुरुजी, आपलेही काही त्यांच्याकडे आहे तर!”