पांढऱ्या केसांजवळचा रंग



दशलक्षण पर्वाच्या आधी आईला साडी घ्यायला गेले होते. आई ब्याऐंशी वर्षांची, केस कापसासारखे पांढरे. दुकानदाराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच गठ्ठा सोडला. बदामी, मोतिया, बिस्किटी, फिकट राखाडी. "आजींच्या वयाला हेच शोभतं, वहिनी." मी वरच्या फळीवरची वांगी रंगाची इरकल काढायला सांगितली, तर आईच म्हणाली, "नको गं. या केसांवर ते बरं दिसतं का? आणि धर्माचे दिवस आहेत."

तेव्हा काहीच न घेता परत आलो. पण तिची दोन वाक्यं डोक्यातून जाईनात. पहिलं डोळ्यांचं होतं, दुसरं धर्माचं. दोन्ही खरी आहेत का, ते बघायचं ठरवलं.

आधी माझी आजी आठवली. तिचेही केस साठीतच पांढरे झाले होते. पण ती नेसायची गर्द हिरवी इरकल, नाहीतर काळी चंद्रकळा. चंद्रकळा म्हणजे निळीत बुडवून बुडवून काळं केलेलं लुगडं, त्याला लाल काठ. इरकलचं तर अंग कुठल्याही रंगाचं असो, पदर लालच आणि त्यावर पांढरी नक्षी. पदराचे उभे धागे वेगळे घेऊन अंगाच्या सुतांना फासे घालून जोडतात, त्यालाच टोपी-तेणी म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावची ही विद्या, पण आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांनी ती कधीच आपली मानली. आजी देवळात जाताना पदर डोक्यावरून घ्यायची. म्हणजे पांढऱ्या केसांना लागून लाल रंग. ती पाषाणाच्या मूर्तीसारखी ठसठशीत दिसायची.

मग आजोबा गेले. तेराव्यानंतर आजी पांढऱ्या लुगड्यात बाहेर आली. केस तेच, चेहरा तोच, तरी मी दहा वर्षांची पोर तिला ओळखायला क्षणभर थबकले. घरात सगळे म्हणाले, दुःखाने खचली. खचली होतीच. पण लुगड्याचाही त्यात वाटा होता, हे मला आता कळतंय.

ते कळलं एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञामुळे. मिशेल शेव्रल त्याचं नाव. पॅरिसच्या गोब्लँ या सरकारी विणकामशाळेत 1824 पासून रंगाईचा प्रमुख होता. विणकरांची तक्रार अशी की निळ्या-जांभळ्या कापडातली काळी लोकर काळी दिसत नाही, रंग कच्चा आहे. शेव्रलने लोकर तपासली. रंगात काही खोट नव्हती, खोट शेजाऱ्यात होती. शेजारचा रंग आपल्या उलट छटेची झाक पलीकडच्यावर टाकतो, आणि गडदाशेजारी फिकं आणखी फिकं दिसतं. यावर त्याने 1839 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात बायकांच्या केसांना आणि वर्णाला कुठले कपडे खुलतात, हेही तपशिलाने मांडलं. आज 'तुम्हाला कुठला रंग शोभतो' म्हणून जे सांगतात त्याची एक जुनी मुळी इथे आहे. शेव्रल स्वतः 102 वर्षं जगला, तेव्हा पांढऱ्या केसांचा अनुभव त्याला भरपूर असणार!

आता आजीचं बघा. चंद्रकळेशेजारी केस चांदीसारखे पांढरे. पांढऱ्या लुगड्याशेजारी मात्र ते पिवळट, कारण पांढऱ्या केसात थोडी पिवळी झाक असतेच आणि लुगडं नीळ घालून धुतलेलं. बदामी-बिस्किटीत तर केस, कापड, चेहरा सगळं एकाच फिक्या पाण्यात कालवल्यासारखं होतं. दुकानदाराला जे 'शोभतं' वाटलं, ते डोळ्यांना खरं म्हणजे शोभत नाही. वांगी, डाळिंबी, मोरपंखी, अंजिरी, किरमिजी हे भरलेले रंग पांढऱ्या केसांना उठाव देतात. परदेशी पुस्तकं यात पिवळा वर्ज्य सांगतात, ते मला पटत नाही. ती गोऱ्या कातडीसाठी लिहिलेली. आपल्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्याला हळदीचा गडद पिवळा छान पेलतो, फक्त तो फिकुटलेला नको.

म्हणजे पहिलं वाक्य खोटं निघालं. दुसरं अवघड होतं, कारण रंगांचा आणि आपल्या धर्माचा हिशोब साधा नाही. 'किरमिजी' हा शब्दच बघा. तो किरमिज नावाच्या किड्यावरून आला. त्या किड्यांना मारून, वाळवून लाल रंग काढत. लाखेचा लालही किड्यांचाच. श्रावकाने न करण्याचे जे पंधरा व्यवसाय सांगितलेत, त्यात लाक्षावाणिज्य आहे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना लाखेबरोबर निळीचंही नाव घेतलंय. ते श्वेतांबर, आम्ही दिगंबर, पण जीव दोघांनाही सारखेच. पूर्वी निळीचे हौद आंबवूनच निळा रंग यायचा, आणि आंबवण आलं की जीवोत्पत्ती आली. म्हणजे आजीच्या आजीने चंद्रकळा नको म्हटली असती, तर तिच्याकडे खरोखर धर्माचं कारण होतं.

पण ते कारण पुढे बदललं. 1856 मध्ये लंडनला विल्यम पर्किन नावाचा 18 वर्षांचा मुलगा क्विनाइन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग आला, डांबरापासून काढलेला. 1869 च्या सुमारास मंजिष्ठेचा लाल रंग कारखान्यात बनू लागला आणि 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली. हळूहळू किडे आणि हौद दोन्ही मागे पडले. कारखान्याचं सांडपाणी नदीला जातं, ती हिंसा मी नाकारत नाही. पण तो दोष फिकट रंगाच्या साडीलाही तितकाच लागतो. बदामी रंग काही बदामातून येत नाही.

राहिला पांढरा. आपल्या आर्यिका माताजी एकच पांढरी साडी नेसतात, म्हणून पांढरं ते धर्माचं असं आपल्या मनात बसलंय. पण माताजींनी ती दीक्षा घेऊन, स्वतःच्या इच्छेने स्वीकारलेली असते. त्या केशलोचही करतात, तिथे केसांना काय शोभतं हा प्रश्नच संपतो. माझ्या आजीने दीक्षा घेतली नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं. तिचं पांढरं लुगडं व्रताचं नव्हतं, वैधव्याचं होतं, आणि वैधव्याचा रंग शास्त्राने नाही, त्या त्या गावाने ठरवलाय. इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी 1861 मध्ये विधवा झाली आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं मरेपर्यंत काळं नेसली. तिथे काळं, इथे पांढरं, आपल्याच शेजारच्या ब्राह्मण घरात सोवळ्या बाईला लाल आलवण.

हे सगळं मी आईला सांगितलं. दुपारी ती धान्य निवडत होती. शेव्रलचं तिने शांतपणे ऐकलं. आलवणाशी हात थांबला. म्हणाली, "तुझ्या आजीची हिरवी इरकल माझ्याच पेटीत होती. गोधडीला लावली मी." मग पुन्हा निवडायला लागली.

थोड्या वेळाने तिनेच दशरथाची गोष्ट काढली. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणातली. राजाने जिनाभिषेकाचं गंधोदक राण्यांना पाठवलं. सुप्रभेकडचं उशिरा पोचलं, कारण ते घेऊन येणारा कंचुकी म्हातारा. तो थरथरत, धापा टाकत आला. त्याला बघून दशरथाला वैराग्य झालं. "म्हातारपण दिसलं म्हणून त्याला कळलं ना? मग ते झाकायचं कशाला?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, मी केस काळे कर म्हणत नाहीये. उलट गडद रंगात पांढरे केस जास्तच दिसतील."

ती हसली. "कापोत झालेत गं केस, पारव्यासारखे. कापोत लेश्या अशुभ." मग तिचं तिलाच सुचलं असावं. आपल्याकडे शरीराचा रंग ती द्रव्यलेश्या आणि मनाच्या कषायांचा रंग ती भावलेश्या. केस पहिल्या खात्यातले, साडी तर त्याच्याही बाहेरची. "रेशीम नको पण," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले. अंग सुती आणि पदर आर्ट सिल्कचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा, हे दोनदा विचारून घेतलं. वांगी अंग, लाल पदर.

उत्तम क्षमेच्या दिवशी आई ती नेसली. मंदिरात गंधोदक लावताना तिने पदर जरा मागे सरकवला, दोन बोटं बुडवून केसांना लावली आणि पदर पुन्हा पुढे घेतला. बाहेर पायऱ्यांवर शेजारच्या काकूंनी विचारलं, "नवी का?" आई म्हणाली, "नाही हो. सासूबाईंची होती अशीच."