डोंगरातले ताट राजधानीत

बीजिंग आणि शांघायच्या महागड्या वस्त्यांत एक विशिष्ट प्रकारचे उपाहारगृह गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चांगलेच रुजले आहे. मंद दिवे, काळसर लाकडाचे खांब, भिंतीवर निळीत रंगवलेले बांधणीचे कापड, भरजरी पारंपरिक पोशाखातल्या वाढपी मुली, आणि मेनूवर दाय, बाय, मिआओ, नाशी, यी, तिबेटी, उइगुर अशी चीनमधल्या अल्पसंख्य समाजांची नावे. अननस कोरून त्यात वाफवलेला चिकट भात येतो, गवती चहाच्या पातीने बांधून निखाऱ्यावर भाजलेला मासा येतो, आंबवलेल्या रश्श्यात शिजलेला दुसरा मासा येतो. जेवायला बसलेला माणूस बहुधा हान, म्हणजे देशातल्या नव्वद टक्क्यांहून मोठ्या बहुसंख्य समाजातला. त्याची प्रामाणिक समजूत अशी असते की शेकडो वर्षांची एक परंपरा कुणीतरी डोंगरातून जशीच्या तशी उचलून आपल्यापुढे मांडली आहे. मला वाटते, इतिहासाने हा क्रम उलटा करून दाखवला आहे. पदार्थ जुने आहेत, यात शंका नाही. पण ‘अल्पसंख्य समाजाचे जेवण’ नावाचा प्रकार डोंगरात जन्मलेला नाही, तो राजधानीत घडला. आधी सरकारी यादी झाली, मग त्या यादीतल्या नावांना चित्रे मिळाली, मग पोटामागे आलेले स्वयंपाकी शहरात पोचले, आणि सगळ्यात शेवटी हे देखणे दालन उभे राहिले.

यादीपासून सुरुवात करू. १९५३-५४ च्या जनगणनेत नव्या कम्युनिस्ट राजवटीने लोकांना आपापल्या समाजाचे नाव सांगायला सांगितले, तेव्हा देशभरातून ४०० हून अधिक नावे आली. त्यांतली निम्म्याहून जास्त एकट्या युन्नान प्रांतातली होती. एवढ्या समाजांना प्रतिनिधित्व द्यायचे कसे, हा प्रश्न पडला. १९५४ मध्ये लिन याओह्वा या मानववंशशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक पथक युन्नानमध्ये उतरले आणि काही महिन्यांत त्या शेकडो नावांची मोजक्या गटांत बांधणी झाली. वर्गीकरणाचा मुख्य आधार भाषा होता, आणि त्या भाषिक आराखड्याचे एक मूळ आपल्या उपखंडाशी जोडलेले आहे. हेन्री डेव्हिस हा ब्रिटिश अधिकारी १८९४ ते १९०० या काळात, ब्रिटिश हिंदुस्थानातून ब्रह्मदेशमार्गे यांगत्से नदीपर्यंत रेल्वे नेता येईल का हे पाहण्यासाठी युन्नान पालथा घालत होता. १९०९ च्या त्याच्या पुस्तकात तिथल्या भाषांची वर्गवारी होती आणि पुढच्या चिनी अभ्यासकांनी तिच्यावर आपली मांडणी उभी केली, हे टॉमस मलेनी या इतिहासकाराने सविस्तर दाखवले आहे. यादी पुढे वाढत गेली, १९७९ मध्ये जिनो समाजाला मान्यता मिळाली आणि अल्पसंख्य समाजांचा आकडा ५५ वर, हान धरून छपन्नवर, थांबला. त्या ५५ पैकी २५ समाज युन्नानचे मानले जातात. मेनूवर जी नावे ठसठशीत छापलेली दिसतात ती या यादीतली आहेत. एका दरीत राहणारे लोक स्वतःला जे म्हणवत होते ते नाव ताटापर्यंत फारसे पोचलेच नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सीमेपलीकडच्या अन्नाची ओढ चीनला फार जुनी आहे, मग याला नवे का म्हणायचे? हान राजघराण्याचा सम्राट लिंग इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ‘हू’ लोकांच्या, म्हणजे उत्तर-पश्चिमेच्या परकीयांच्या, पोशाखाचा आणि जेवणाचा शौकीन होता, अशी नोंद इतिहासग्रंथात आहे. तांग काळात छांग-आनच्या पश्चिम बाजारात तीळ लावलेल्या हू रोट्या विकल्या जात. बीजिंगमध्ये १९०३ मध्ये हुई मुसलमान समाजातल्या डिंग देशान या फेरीवाल्याने दोंगआन बाजारात मांडलेल्या ठेल्यातून पुढे ‘दोंगलायशुन’ उभे राहिले. मधोमध धुराडे असलेल्या तांब्याच्या भांड्यात कागदासारखे पातळ मटण बुडवून खाण्यासाठी ते आजही प्रसिद्ध आहे. हे सगळे खरे आहे. पण या उदाहरणांत जेवू घालणारा कोण होता ते पाहायला हवे. तांग काळातले हू लोक रेशीम मार्गावरचे व्यापारी होते. छिंग दरबारात मांचू मेजवान्या आणि हान मेजवान्या वेगळ्या मांडल्या जात, पण तिथे मांचू हे राज्यकर्ते होते. हुईंच्या खानावळींचा पाया धर्माचा होता: डुकराचे मांस नाही, कापणी शास्त्राप्रमाणे, आणि म्हणून मुसलमान गिऱ्हाइकाचा भरवसा. यातल्या कुणीही ‘आम्ही राष्ट्राच्या छपन्न घटकांपैकी एक आहोत, आमचे वैशिष्ट्य चाखा’ असे म्हणून ताट वाढले नव्हते. परक्याचे अन्न खाणे आणि आपल्याच देशातल्या अल्पसंख्याकाचे अन्न त्याचे प्रतीक म्हणून खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट यादीशिवाय शक्यच नव्हती.

यादीला चेहरा दिला तो कलांनी. १९५९ मध्ये, राजवटीच्या दहाव्या वर्षी, दालीच्या बाय समाजावरचा ‘पाच सोनफुले’ हा सिनेमा आला. जिनह्वा, म्हणजे सोनफूल, हे नायिकेचे नाव इतके लोकप्रिय झाले की दालीत पर्यटकांना फिरवणाऱ्या, पारंपरिक वेशातल्या मुलींना आजही सरसकट तेच म्हणतात. त्याहून बोलका पुरावा १९७९ चा आहे. बीजिंग विमानतळाच्या नव्या इमारतीत भोजनगृहाच्या भिंतीवर युआन युनशेंग या चित्रकाराने दाय समाजाच्या पाणी उधळण्याच्या सणाचे भव्य भित्तिचित्र काढले. त्यात स्नान करणाऱ्या नग्न दाय स्त्रिया होत्या. त्या काळच्या चीनमध्ये सार्वजनिक भिंतीवर नग्नता ही मोठी घटना होती. बघायला गर्दी लोटली, वाद पेटला, आणि पुढे चित्राचा तो भाग बरीच वर्षे झाकून ठेवला गेला. कलेच्या इतिहासात याची नोंद स्वातंत्र्याची चुणूक म्हणून होते, आणि ती योग्यच आहे. पण जेवणाच्या इतिहासात त्याचा अर्थ वेगळा निघतो. हान स्त्रीला तसे रंगवणे तेव्हा कल्पनेतही बसले नसते. दाय स्त्रीला रंगवता आले, कारण ती निसर्गाजवळची, मोकळी, गाणारी-नाचणारी अशी आधीच ठरून गेली होती. आणि हे चित्र लागले कुठे, तर जेवणाच्या दालनात. राजधानीत दाय स्वयंपाकाला नाव मिळायच्या आधीच दाय स्त्रीच्या प्रतिमेखाली बसून जेवायची सोय झाली होती.

त्या वेळी स्वयंपाकाच्या अधिकृत नकाशावर या लोकांना जागा नव्हती. १९८० च्या सुमारास रूढ झालेली चीनच्या ‘आठ महान पाकशैलीं’ची यादी पाहावी: शानदोंग, सिच्वान, ग्वांगदोंग, च्यांगसू, जेज्यांग, फूज्यान, हूनान, आनह्वी. यात युन्नान नाही, ग्वेजो नाही, शिनच्यांग, तिबेट, अंतर्गत मंगोलिया नाही. जमिनीच्या मापाने अर्धा देश या मांडणीच्या बाहेर राहिला. ती उणीव भरून काढली ती कुठल्या पाकशास्त्रज्ञाने नव्हे, स्थलांतरितांनी. आर्थिक सुधारणांनंतर माणसांना गाव सोडून शहरात धंदा करणे शक्य झाले. बीजिंगच्या गानजियाकोऊ भागात शिनच्यांग सरकारचे संपर्क कार्यालय होते, तिकडून येणाऱ्या माणसांचा राबता होता, म्हणून त्याच्या आसपास १९८० च्या दशकात उइगुरांच्या खानावळी, तंदुरीतल्या रोट्या आणि जिरे-मिरची लावलेल्या मटणाच्या शिगा विकणारे ठेले यांची एक रांगच उभी राहिली. दुसरी अशीच वस्ती वेइगोंगत्सुनमध्ये, अल्पसंख्य समाजांसाठी १९५१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेजवळ वाढली. तिथेच पुढे दाय, तिबेटी, कोरियन खानावळी आल्या. घरची चव शोधणारे विद्यार्थी हे त्यांचे पहिले गिऱ्हाईक होते. प्लास्टिकचे स्टूल, फळ्यावर खडूने लिहिलेले भाव. या टप्प्याला मी सगळ्यात प्रामाणिक मानतो, कारण इथे रांधणारा आणि खाणारा पुष्कळदा एकाच गावचे होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी रस्ता रुंदीकरणात गानजियाकोऊची ती रांग पाडली गेली, आणि वेइगोंगत्सुनची उइगुर वस्तीही पुढे विरत गेली.

देखणे दालन आले ते याच सुमारास, पण दुसऱ्या वाटेने. लिच्यांगचे जुने शहर १९९७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. १९९९ पासून सलग सुट्ट्यांचे ‘सुवर्ण आठवडे’ सुरू झाले आणि शहरी मध्यमवर्ग युन्नानकडे लोटला. २००१ मध्ये जोंगद्यान या तिबेटी भागातल्या जिल्ह्याचे नाव बदलून, एका इंग्रजी कादंबरीतल्या काल्पनिक भूमीवरून, शांग्रिला ठेवायला मंजुरी मिळाली. सुट्टीहून परतलेल्या माणसाला तोच अनुभव आपल्या शहरात संध्याकाळपुरता हवा होता, आणि तो विकत घेण्याची ऐपतही आता त्याच्याकडे होती. ल्हासातल्या पिवळ्या घरातून सुरू झालेल्या ‘माक्ये आमे’ने बीजिंगमध्ये शाखा काढली. शांघायमध्ये ‘लॉस्ट हेवन’ युन्नानच्या लोकपाकशैलीचे नाव घेऊन उभे राहिले.

दुसरा आक्षेप असा घेतला जाईल की मग हे सगळे बनावटच म्हणायचे का? मी तसे म्हणत नाही. ‘रूशान’ हा एकच पदार्थ जवळून पाहू. चिनी माणूस दूध खात नाही अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे, पण दालीच्या उत्तरेला एरयुआनच्या परिसरात बाय बायका पिढ्यान्‌पिढ्या चीज करत आल्या आहेत. आंबवलेले पाणी कढईत तापवायचे, त्यात पळीभर गाईचे दूध ओतायचे आणि बांबूच्या काड्यांनी सावकाश फिरवत राहायचे. दूध फाटून त्याचा मऊ गोळा जमला की तो हातांनी दाबून पाणी काढायचे आणि गरम असतानाच ताणत ताणत दोन बांबूंवर गुंडाळून वाळत घालायचा. वाळल्यावर पिवळसर, पंख्यासारखी पातळ पट्टी सुटून येते. ती निखाऱ्यावर फुलवून, गुलकंदासारखा गुलाबपाक लावून गुंडाळी करून देतात. तेराव्या शतकात कुब्लाई खानाच्या फौजांनी दाली जिंकल्यावर मंगोलांबरोबर दुधाचे हे तंत्र आले असावे, असा एक तर्क आहे. तो खरा असो वा नसो, या कौशल्यात खोटे काही नाही. खोटेपणा शिरतो तो निवडीत. भाताच्या पेंढ्यावर खरपूस केलेल्या डुकराची जवळजवळ कच्ची कातडी आणि मांस आंबट चटणीबरोबर खाणे, ही त्याच बाय लोकांची अभिमानाची मेजवानी. राजधानीच्या मेनूवर ती क्वचितच दिसते. डोंगरातला रोजचा मका आणि कडू बकव्हीटही तिथे शोभेपुरतेच. गोड, सुवासिक, छायाचित्रात खुलणारे तेवढे खाली उतरले.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात सद्‌भावनेचा आहे: लोक एकमेकांचे अन्न खाऊ लागले की आदर वाढतो, आणि डोंगरातल्या मुलामुलींना रोजगार मिळतो. रोजगार मिळतो, हे मान्य. मटारच्या पिठाचे काप करणाऱ्या बाईला शहरात पगार मिळाला तर त्याला नाक मुरडण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण चवीतून आदर आपोआप येतो, याला इतिहासात आधार सापडत नाही. चीनमध्ये साडेबारा कोटी अल्पसंख्य आहेत, आणि त्यांच्यापैकी उइगुरांचे जेवण देशभर पसरलेले आहे. लांझोऊपासून ग्वांगजोपर्यंत रात्री शिगा भाजल्या जातात. हे जेवण असे पसरत असतानाच शिनच्यांगचे ओळखपत्र दाखवणाऱ्या उइगुर प्रवाशांना शहरांतल्या हॉटेलांनी खोल्या नाकारल्याच्या तक्रारी पुन्हा पुन्हा झाल्या. २०१७ पासून शिनच्यांगमध्ये उइगुरांना मोठ्या प्रमाणावर स्थानबद्ध करण्यात आले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२२ च्या अहवालात त्यावर गंभीर ठपका ठेवला. २०१९ मध्ये बीजिंगमधल्या हलाल खानावळींना पाटीवरची अरबी अक्षरे काढायला लावण्यात आली. मटण मात्र मेनूवर तसेच राहिले. म्हणून अशा उपाहारगृहात चव कशी आहे याच्याआधी गल्ल्यावर कोण बसते, भटारखान्यात कोण आहे आणि मेनूवरचे नाव त्या माणसांनी स्वतः निवडलेले आहे का, हे वाचकाने जरूर विचारावे.