काय-वर्ग चाचणीतील पी-मूल्य

शून्य परिकल्पना खरी असताना, निव्वळ योगायोगाने, निरीक्षणात दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक पडण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. काय-वर्ग चाचणीत हा फरक निरीक्षित आणि अपेक्षित वारंवारतांमधला असतो. ही चाचणी कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडली. ती नेमकी कशी चालते, हे ग्रेगोर मेंडेल यांच्या वाटाण्यांवर फार चांगले दिसते. मेंडेल यांचा निबंध १८६६ चा, म्हणजे चाचणीच्या कितीतरी आधीचा.

मेंडेल यांना १५ झाडांपासून ५५६ दाणे मिळाले: गोल पिवळे ३१५, गोल हिरवे १०८, सुरकुतलेले पिवळे १०१ आणि सुरकुतलेले हिरवे ३२. त्यांच्या नियमानुसार हे प्रमाण ९:३:३:१ असायला हवे. तसे धरल्यास अपेक्षित संख्या अनुक्रमे ३१२.७५, १०४.२५, १०४.२५ आणि ३४.७५ येतात. प्रत्येक गटातील फरकाचा वर्ग करून त्याला अपेक्षित संख्येने भागले की ०.०१६, ०.१३५, ०.१०१ आणि ०.२१८ मिळतात. त्यांची बेरीज ०.४७०, हेच काय-वर्ग मूल्य. गट चार, पण एकूण संख्या ठरलेली असल्याने स्वातंत्र्य-मात्रा तीन.

आता कोष्टकातील तीन मात्रांची ओळ पाहावी. उजव्या शेपटीत ०.९५ क्षेत्र सोडणारे मूल्य ०.३५२ आहे आणि ०.९० क्षेत्र सोडणारे ०.५८४. आपले ०.४७० या दोहोंच्या मध्ये पडते, म्हणून पी-मूल्य ०.९० ते ०.९५ यांच्या दरम्यान. संगणक ते ०.९२५ असे नेमके देतो. येथे एक सावधगिरी हवी. काही प्रणाली मागितल्याशिवाय उजव्या शेपटीचे क्षेत्र देत नाहीत, डाव्या बाजूचे देतात. मग उत्तर ०.०७५ दिसते आणि अर्थ पार उलटतो. ते १ मधून वजा करावे लागते.

मात्रा चुकली तर पी-मूल्यही चुकते. दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या सारणीला पिअर्सन तीन मात्रा धरत. ती एकच असते, हे रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवले. काय-वर्ग मूल्य ५ आले, तर एका मात्रेला पी-मूल्य ०.०२५ आणि तीन मात्रांना ०.१७. त्याच आकड्यांवरून एक जण परिकल्पना नाकारेल, दुसरा नाकारणार नाही. शिवाय अपेक्षित संख्या सर्वत्र साधारण ५ वा अधिक असाव्यात, असा संकेत आहे. त्याहून लहान असतील तर अंदाज कच्चा राहतो.

पी-मूल्य ०.९२५ आले म्हणून मेंडेल यांचा नियम ९२.५ टक्के खरा ठरतो, असे मुळीच नाही. नियम खरा मानूनच ही संख्या काढलेली असते, त्यामुळे नियम खरा असण्याची संभाव्यता तिच्यातून निघू शकत नाही. आकडे नियमाशी विसंगत नाहीत, एवढेच तिच्यावरून म्हणता येते. रूढ सार्थकता पातळी ०.०५ असून तीन मात्रांसाठी तिची सीमा ७.८१५ आहे. पण ही पातळी सोयीने ठरलेली आहे, ०.०४९ आणि ०.०५१ यांत खरे अंतर काहीच नाही.

नमुन्याच्या आकाराचाही विचार व्हायला हवा. गटांची प्रमाणे जशीच्या तशी ठेवून दाणे वीसपट, म्हणजे ११,१२० केले, तर काय-वर्ग मूल्य ९.४० होते आणि पी-मूल्य ०.०२४ वर येते. ९:३:३:१ पासूनची तफावत तीच, तरी निकाल बदलतो. म्हणून लहान पी-मूल्य म्हणजे मोठा परिणाम, असे समजणे चूक आहे. पी-मूल्यासोबत मूळ वारंवारता छापणे मला अत्यावश्यक वाटते.

फार मोठे पी-मूल्यही प्रश्न उभा करते. फिशर यांनी १९३६ मध्ये मेंडेल यांच्या सर्व प्रयोगांचे काय-वर्ग एकत्र केले, तेव्हा ८४ मात्रांना बेरीज केवळ ४१.६ आली आणि पी-मूल्य ०.९९९९३. नियम अगदी खरा असला, तरी आकडे त्याच्याशी इतके किंवा याहून जास्त जुळण्याची शक्यता लाखात सुमारे सात. काय अपेक्षित आहे हे पुरते ठाऊक असलेल्या एखाद्या साहाय्यकाने मेंडेल यांची फसवणूक केली असावी, असा तर्क फिशर यांनी केला. त्यावर पुढे अनेक दशके वाद झाला. नियम मात्र इतरांच्या स्वतंत्र प्रयोगांत टिकला.