थाई ताटातला 'मुसलमान'

थायलंडच्या जेवणात 'मस्समान' नावाची एक करी आहे. नारळाचे दूध, मांस, बटाटे, शेंगदाणे आणि भाजलेला गरम मसाला यांची ही घट्टसर, किंचित गोड-आंबट करी. २०११ साली सीएनएनच्या प्रवासविषयक संकेतस्थळाने जगातल्या ५० चविष्ट पदार्थांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक या करीला दिला होता.

भाषा शिकवणे हा माझा पेशा. त्यामुळे माझे लक्ष आधी चवीपेक्षा नावाकडे गेले. फारसीतला 'मुसलमान' हा शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडून थाई भाषेत गेला आणि तिथे त्याचे 'मात्समान', 'मस्समान' झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या देशात मुस्लिमांची संख्या सुमारे पाच टक्के आहे, त्या देशाच्या सर्वांत नावाजलेल्या पदार्थांपैकी एकाचे नाव सरळ सरळ 'मुसलमान करी' असे आहे. आपल्याकडे एखाद्या हॉटेलच्या पाटीवर 'मुस्लिम पद्धतीचे मटण' असे लिहिलेले असते, तसेच हे. फरक एवढाच की तिथे हा शब्द राजवाड्यात पोहोचला.

तो कसा पोहोचला, हे पाहण्यासारखे आहे.

कोम ते अयुथ्या

१३५१ साली स्थापन झालेले अयुथ्या हे सयाम देशाच्या राजधानीचे शहर. सतराव्या शतकात तिथे चिनी, जपानी, पोर्तुगीज, डच, फ्रेंच, मलय आणि इराणी अशा सगळ्यांच्या वस्त्या होत्या. इराणच्या कोम शहरातला शेख अहमद नावाचा व्यापारी या शतकाच्या सुरुवातीला तिथे आला. व्यापारात त्याचा जम बसला, दरबारात वजन वाढले आणि राजा सोंगथाम (कारकीर्द १६११ ते १६२८) याने परदेशी व्यापाराचा कारभार त्याच्याकडे सोपवला. 'चुलाराजमोन्त्री' म्हणजे सयाममधल्या मुस्लिमांचा प्रमुख, हे पदही आधी त्यालाच मिळाले. हे पद आजही थायलंडमध्ये आहे.

शेख अहमदच्या वंशजांतल्या एका शाखेने पुढे बौद्ध धर्म स्वीकारला. त्यातूनच बुन्नाग हे घराणे उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात सयामच्या मोठमोठ्या मंत्रिपदांवर याच घराण्यातली माणसे होती. चुआंग बुन्नाग तर १८६८ ते १८७३ या काळात अल्पवयीन राजाच्या वतीने राज्य चालवत होते. एका इराणी सौदागराचा वंश बौद्ध देशाचा कारभार पाहतो आणि त्या देशाला त्यात काही वावगे वाटत नाही, ही गोष्ट आपल्या आजच्या वातावरणात मुद्दाम सांगावीशी वाटते.

या इराण्यांचा एक धागा आपल्या दख्खनशीही जुळतो. सयामला जाणारे अनेक इराणी थेट इराणहून गेलेले नव्हते. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत फारसी बोलणाऱ्यांचा मोठा वर्ग होता. तिथल्या मच्छलीपट्टण बंदरातून जहाज बंगालचा उपसागर ओलांडून मेरगुईला लागे. पुढे तेनासेरीमपर्यंत नदीने आणि मग डोंगर ओलांडून अयुथ्या. म्हणजे सयामच्या दरबारातली फारसी तहजीब बऱ्याच अंशी दख्खनच्या वाटेने गेली.

१६८५ साली इराणच्या शाह सुलेमानने सयामचा राजा नाराय (कारकीर्द १६५६ ते १६८८) याच्याकडे एक शिष्टमंडळ पाठवले. त्यातल्या चिटणिसाने, मुहम्मद रबीने, या प्रवासाची हकिगत फारसीत लिहून ठेवली. तिचे नाव 'सफीना-ए-सुलेमानी'. नारायला इराणी राहणीची आणि खाण्यापिण्याची आवड होती, हे त्यातून कळते. मस्समान याच दरबारी मिसळणीतून जन्मली, असे थाई पाककलेचे अभ्यासक डेव्हिड थॉम्पसन मानतात. दुसऱ्या मतानुसार ती दक्षिणेकडच्या मलय मुस्लिमांकडून वर गेली. दोन्ही मते एकाच ठिकाणी येतात, ते म्हणजे हिंदी महासागरावरचा मुस्लिम व्यापार.

१७६७ साली बर्मी फौजांनी अयुथ्या उद्ध्वस्त केले. करी मात्र नव्या राजधानीत, बँकॉकला पोहोचली. पुढे दुसरा राम म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राने अठराव्या शतकाच्या अखेरीस राजवाड्यातल्या पदार्थांवर एक काव्य रचले. त्यात मस्समान आहे आणि तिच्यातल्या जिऱ्याचाही उल्लेख आहे.

वाटणातला भूगोल

जिऱ्याचा उल्लेख महत्त्वाचा आहे. थाई हिरवी किंवा लाल करी प्रामुख्याने ओल्या वाटणाची असते. गवती चहा, कुलंजन, लसूण, मिरची आणि कोळंबीची आंबवलेली पेस्ट यांच्यावर तिची मदार. मस्समानमध्ये हे सगळे आहेच, पण त्यावर धणे, जिरे, दालचिनी, वेलची, लवंग, जायफळ असा भाजलेला कोरडा मसाला चढतो. हा मसाला सांगतो की ती कोणाच्या हातची आहे.

पण म्हणून ती 'शुद्ध इराणी' ठरत नाही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेतले आणि त्याच वर्षी त्यांचा वकील अयुथ्येला गेला. मिरची, बटाटा आणि शेंगदाणा हे तिन्ही मूळचे अमेरिकेतले. ते नसतील तर आजची मस्समान होणार नाही. तसे पाहिले तर आपला ठेचा, बटाटेवडा आणि दाण्याचे कूटही होणार नाही. ज्याला आपण 'आमचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे' म्हणतो, त्यातले निम्मे जहाजाने आलेले असते.

थाई मुस्लिमांच्या ताटात असे आणखी बरेच काही आहे. 'खाओ मोक काय' म्हणजे त्यांची कोंबडीची बिर्याणी. 'मोक' म्हणजे पुरणे, गाडणे. भाताखाली कोंबडी पुरून शिजवायची. आपल्या 'दम'साठी त्यांनी स्वतःचा शब्द शोधला. उत्तरेला चियांग माईत 'खाओ सोई' नावाचा नारळाच्या रश्शातला नूडल्सचा पदार्थ मिळतो. त्याचा संबंध चीनच्या युन्नान प्रांतातून खेचरांचे तांडे घेऊन येणाऱ्या चिनी मुस्लिम व्यापाऱ्यांशी जोडला जातो. म्हणजे एकाच देशात इराणी, मलय आणि चिनी मुस्लिमांची तीन वेगवेगळी दस्तरख्वाने आहेत. 'मुसलमानांचे जेवण म्हणजे बिर्याणी' असे ठरवून टाकलेल्या मंडळींना मी हे नेहमी सांगते. आपल्यातही असे म्हणणारे कमी नाहीत.

घरच्या गॅसवर

मस्समान आमच्याकडे शाळेच्या दिवशीही होते. पाऊण तास पुरतो. कोकणी स्वयंपाकाची सवय असणाऱ्यांना तर यात नवे काहीच वाटणार नाही. नारळाचा रस, चिंच, गूळ, सुकी मिरची घरात असतेच.

सहा-सात ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवा. त्यांत चार लहान कांदे, पाच-सहा लसूण पाकळ्या, इंचभर आले, चमचाभर भाजलेले धणे, अर्धा चमचा जिरे आणि चमचाभर भाजलेला जवळा घालून बारीक वाटा. जवळा हा कोळंबीच्या पेस्टऐवजी. आल्याऐवजी कुलंजन मिळाले तर उत्तम. काष्ठौषधींच्या दुकानात ते सुके मिळते, पण उग्र असते, म्हणून छोटासा तुकडाच घ्यावा. आपल्या युनानी हकिमांच्या नुस्ख्यांत हेच 'खूलंजान' म्हणून येते.

चारशे मिली नारळाच्या दुधातला वरचा दाट भाग कढईत तेल सुटेपर्यंत आटवा. त्यात वाटण परता. अर्धा किलो कोंबडी, दालचिनीचा तुकडा, तीन वेलच्या, तीन लवंगा आणि किंचित जायफळ घाला. उरलेले दूध, मोठे चिरलेले दोन बटाटे आणि गवती चहाची गाठ मारलेली पात टाकून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे शिजवा. शेवटी चिंचेचा कोळ, गूळ, मीठ आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. सोबत साधा मोकळा भात.

बाजारात तयार पेस्टची पाकिटेही मिळतात. थायलंडच्या बऱ्याच पाकिटांवर अरबी लिपीत 'हलाल' असा शिक्का असतो. हा शिक्का देणारी यंत्रणा तिथे पक्की आहे. बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात तर हलाल अन्न तपासण्यासाठी स्वतंत्र विज्ञान केंद्र आहे. बौद्ध बहुसंख्य देशाने हलालकडे उद्योग म्हणून पाहिले आणि निर्यात वाढवली. आपल्याकडे याच शब्दावरून काय काय चालते, ते वाचकांना ठाऊक आहे.

दोन पदार्थ, एक पंतप्रधान

इथवर वाचून कोणी म्हणेल, वा! थायलंडमध्ये सगळे आलबेल दिसते. इतिहास इतका सोपा नसतो. करीला तुमचे नाव दिले म्हणजे तुम्हाला घरात जागा दिली, असे होत नाही.

मस्समाननंतर थायलंडचा दुसरा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पॅड थाय, तांदळाच्या परतलेल्या नूडल्स. नावातच 'थाय' आहे, पण तो फार जुना नाही. फिबुन सोंगख्राम हे लष्करी नेते १९३८ मध्ये पंतप्रधान झाले. १९३९ मध्ये त्यांनी सयामचे नाव बदलून थायलंड केले. महायुद्धाच्या काळात तांदळाची चणचण होती, १९४२ मध्ये मोठा पूरही आला. सरकारने लोकांना नूडल्स खाण्याचा आग्रह धरला. नूडल्स मूळच्या चिनी, म्हणून त्यांना थाई रूप आणि थाई नाव मिळाले. पोटासाठी एक उपाय झाला आणि राष्ट्रवादाला एक पदार्थ मिळाला.

याच फिबुन सरकारने १९३९ ते १९४२ या काळात बारा 'राष्ट्रीय फर्माने' काढली. लोकांनी कोणती भाषा बोलावी, कसे कपडे घालावेत, हे सरकार सांगू लागले. त्याची सर्वांत मोठी झळ दक्षिणेकडच्या मलय मुस्लिमांना बसली. त्यांचा सारोंग आणि डोक्यावरची वस्त्रे 'अ-थाई' ठरली. सरकारी कचेरीत मलय भाषा चालेना. कौटुंबिक बाबतीतला त्यांचा शरई कायदाही बाजूला सारला गेला. जे सरकार चिनी नूडल्सना 'थाई' करून घेत होते, तेच सरकार शतकानुशतके तिथे राहणाऱ्या माणसांना 'थाई नाही' असे म्हणत होते.

पटनीची मागणी

हे लोक कुठून बाहेरून आलेले नव्हते. पटनी ही मलय मुस्लिमांची जुनी सल्तनत. १५८४ पासून तिथे एकामागून एक राण्यांनी राज्य केले. त्या काळात हे बंदर भरभराटीला आले होते. १७८६ मध्ये सयामने पटनी जिंकली आणि तिथली मोठी तोफ बँकॉकला नेली. ती आजही संरक्षण मंत्रालयासमोर उभी आहे. १९०९ मध्ये इंग्रज आणि सयाम यांच्यात करार झाला, नकाशावर रेघ ओढली गेली आणि पटनी कायमची सयामकडे राहिली.

१९४७ मध्ये पटनीतले आलिम हाजी सुलोंग यांनी सरकारपुढे सात मागण्या ठेवल्या. त्यांतल्या दोन मला शिक्षिका म्हणून फार जवळच्या वाटतात. मलय भाषेला थाईच्या बरोबरीने सरकारी मान्यता मिळावी आणि प्राथमिक शाळेत मुलांना मलयमधून शिकता यावे. थाई नको, असे त्यांनी म्हटले नव्हते. दोन्ही हव्यात, असे म्हटले होते. १९४८ मध्ये त्यांना अटक झाली. १९५२ मध्ये ते सुटले. १९५४ मध्ये ते बेपत्ता झाले आणि पुन्हा कधीच दिसले नाहीत.

तिथली जखम अजून भरलेली नाही. २००४ च्या रमजानमध्ये ताकबाई इथे निदर्शकांना पकडून ट्रकमध्ये एकावर एक रचून नेण्यात आले. गोळीबारात आणि गुदमरून मिळून ८५ जण मेले. वीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, खटल्याची मुदत संपली. शिक्षा कोणालाही झाली नाही.

मी रोज एका तासाला उर्दू आणि दुसऱ्या तासाला मराठी शिकवते. माझ्या वर्गातली मुले घरी दखनी बोलतात, वहीत मराठी लिहितात आणि त्यांना त्याचे काही ओझे वाटत नाही. ओझे बाहेरचे लोक देतात. 'मराठी असून उर्दू कशाला?' आणि 'मुसलमान असून मराठी एवढी चांगली कशी?' हे दोन्ही प्रश्न मी अनेकदा ऐकले आहेत. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे की माणसाने एकाच खणात बसले पाहिजे.

शीरखुर्म्याच्या वाटीवर, बिर्याणीच्या पातेल्यावर प्रेम करणारे आपल्या भोवती पुष्कळ आहेत. त्या प्रेमाची मला कदर आहे. ईदला शेजारी आले की आनंदच होतो. पण सयामच्या इतिहासाने मला हे शिकवले की चवीची दोस्ती ही सुरुवात असते, हिशेब तिथे संपत नाही. शेख अहमदच्या काळात सयामने परक्या माणसाला कारभार दिला, म्हणून त्याची करी राजवाड्यात गेली. फिबुनच्या काळात करी राजवाड्यातच राहिली, पण ती जिच्या नावाने ओळखली जाते त्या जमातीची भाषा शाळेबाहेर गेली. देश किती मोकळा आहे, हे त्याच्या ताटात काय वाढले आहे यावरून कळत नाही. ताटाभोवती बसलेल्यांपैकी कोणाला स्वतःच्या भाषेत बोलता येते, यावरून कळते.

मस्समान जरूर करून पाहा. वाढताना मुलांना तिच्या नावाचा अर्थ सांगा आणि हाजी सुलोंग यांचे नावही सांगा.