मृत तुमचा कोण? समलिंगी प्रेम आणि रहस्यकथा

रहस्यकथेत तपास सुरू झाला की एक प्रश्न हटकून विचारला जातो : मृत व्यक्ती तुमची कोण होती? पती, भाऊ, भागीदार, भाडेकरू असे काही तरी उत्तर मिळते, त्याची नोंद होते आणि संशयितांची यादी आकार घेऊ लागते. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषापाशी या प्रश्नाचे उत्तर असले, तरी ते उच्चारण्याची सोय विसाव्या शतकात बराच काळ नव्हती. खरे सांगावे तर स्वतःच आरोपी व्हावे, खोटे सांगावे तर शोक करण्याचा अधिकारही गमवावा, अशी ही कोंडी होती. समलिंगी प्रेमाची कथा रहस्यकथेच्या आश्रयाला पुन्हा पुन्हा का आली, याचे कारण बहुतांशी या कोंडीत सापडते.

या कोंडीला कायद्याची चौकट होती. इंग्लंडमध्ये १८८५ साली फौजदारी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पुरुषांमधील 'असभ्य वर्तन' खाजगी जागेत घडले तरी दंडनीय ठरले. ऑस्कर वाइल्ड यांना १८९५ मध्ये सक्तमजुरीची शिक्षा झाली ती याच कलमाखाली. लोकांनी या दुरुस्तीला खंडणीखोरांची सनद म्हटले, आणि ते यथार्थ होते. प्रेमपत्र हा पुरावा झाला, घरमालकीण साक्षीदार झाली, खोलीचे दार लावून घेणे ही संशयास्पद हालचाल ठरली. रहस्यकथाकाराला जी सामग्री कल्पनेने जमवावी लागते, ती या जीवनात आयतीच हजर होती.

तथापि कायदा हे एकमेव कारण मानता येत नाही. जपानमध्ये १८८२ पासून अंमलात असलेल्या दंडसंहितेत अशा संबंधांना शिक्षा नव्हती. तरीही एदोगावा राम्पो यांनी १९२९-३० मध्ये क्रमशः प्रसिद्ध केलेल्या 'कोतो नो ओनी' या कादंबरीत हे प्रेम संशयाच्या छायेतच वावरते. निवेदक मिनोउरा याच्या वाग्दत्त वधूचा बंद घरात खून होतो. मिनोउरावर प्रेम करणारा डॉक्टर मोरोतो प्रथम संशयित वाटतो, पुढे तोच तपासातील सोबती होतो. त्याच्या प्रेमाला प्रतिसाद मात्र मिळत नाही आणि अखेरीस लेखक त्याला मृत्यूच्या स्वाधीन करतो. दंडसंहितेने जे केले नाही ते येथे कथेच्या संकेताने केले. असे प्रेम करणाऱ्याने शेवटच्या पानापलीकडे जगू नये, हा तो संकेत. पुढील अर्धशतकाचा इतिहास हा या संकेताशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे.

त्या झगड्यातील एक महत्त्वाची कृती १९५३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. 'द हार्ट इन एक्झाइल' या कादंबरीवर रॉडनी गारलंड हे नाव होते. ते टोपणनाव होते आणि त्यामागे अॅडम द हेगेदुश हा हंगेरियन लेखक होता. ज्युलियन नावाच्या वकिलाने आत्महत्या केली आहे. त्याची वाग्दत्त वधू मानसोपचारतज्ज्ञ अँथनी पेज याच्याकडे येऊन कारण शोधण्याची विनंती करते. पेज हा एकेकाळी ज्युलियनचा प्रियकर होता, हे तिला ठाऊक नाही. तपास करणारा स्वतःच मृताच्या गुपिताचा भाग आहे, ही योजना तंत्रापुरती राहत नाही. ज्याला उघडपणे रडता येत नाही, त्याला निदान शोध घेता येतो, हे लेखकाने ओळखले होते. कादंबरीच्या शेवटी पेज आपल्या घरी काम करणाऱ्या टेरीसह आयुष्य उभे करू पाहतो. ज्या वर्षांत लंडनचे पोलीस अशा पुरुषांचा पाठपुरावा करीत होते, त्या वर्षांत हा शेवट धाडसाचा होता.

या कलमाचा फेरविचार करणाऱ्या वोल्फेन्डन समितीचा अहवाल १९५७ साली आला. प्रत्यक्ष कायदा इंग्लंड आणि वेल्सपुरता १९६७ मध्ये बदलला. या दशकाच्या मध्यावर, १९६१ साली, बेझिल डिअर्डन यांचा 'व्हिक्टिम' हा चित्रपट आला. त्यात खंडणीखोरांच्या जाचाने एका तरुणाचा बळी जातो. त्याच्यावर मनातून प्रेम केलेला विवाहित बॅरिस्टर आपली प्रतिष्ठा पणाला लावून त्या टोळीचा माग काढतो. डर्क बोगार्ड यांनी ही भूमिका केली. प्रेक्षकांपुढे गुन्हेगार म्हणून येथे खंडणीखोर उभा राहिला, आणि कायद्याच्या दृष्टीने जो अपराधी होता तो न्याय मागणारा झाला. संशयाची दिशा अशी फिरवणे रहस्यकथेलाच साधते, कारण खरा अपराधी कोण हे ठरवणे हे तिचे मूळ काम आहे.

या परंपरेला खरे वळण दिले ते अमेरिकेतील जोसेफ हॅन्सन (१९२३-२००४) यांनी. त्यांची 'फेडआउट' ही कादंबरी १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक डेव्ह ब्रँडस्टेटर खाजगी हेर नाही की पोलीसही नाही. तो विमा कंपनीसाठी मृत्यूच्या दाव्यांची छाननी करतो. एका गायकाची मोटार पुलावरून नदीत कोसळली आहे, पण प्रेत सापडलेले नाही. विम्याची रक्कम द्यावी की नाही, एवढाच कंपनीपुढचा प्रश्न. शोध घेता घेता ब्रँडस्टेटर त्या गायकाच्या तरुणपणातील प्रेमापर्यंत पोहोचतो. याच सुमारास त्याचा स्वतःचा रॉड हा सोबती दोन दशकांच्या सहजीवनानंतर कर्करोगाने गेलेला आहे.

विम्याचा हा व्यवसाय निवडण्यात हॅन्सन यांची मर्मदृष्टी दिसते. विमा म्हणजे मृत्यूनंतर कोण कोणाचे होते याची कागदोपत्री नोंद. ब्रँडस्टेटर दिवसभर इतरांच्या वारसांची नावे तपासतो. घरी परततो तेव्हा ज्याच्यासह त्याचा संसार झाला, त्याचे नाते नोंदवणारा एकही रकाना त्याच्यापुढे नसतो. हॅन्सन या विसंगतीवर भाषण करीत नाहीत. नायकाची कामाची शिस्त आणि त्याचे रिकामे घर यांना ते शेजारी ठेवतात. शिवाय या नायकाला आपल्या प्रेमाची लाजही नाही आणि त्याचा गाजावाजाही नाही. गुपित आता हेराचे उरलेले नाही. ते ज्यांचा तपास चालू आहे त्यांचे आहे, आणि हेर ते इतरांपेक्षा लवकर ओळखतो, कारण त्याने ते जीवन आतून पाहिले आहे.

ही मालिका बारा कादंबऱ्यांची झाली आणि १९९१ मध्ये संपली. ब्रँडस्टेटर तिच्यात वयाने वाढत जातो, सोबती बदलतात, शहर बदलते. १९८७ च्या 'अर्ली ग्रेव्ह्ज' मध्ये एड्सग्रस्त पुरुषांचे खून होतात. मृत्यू ज्यांच्या उशाशी आधीच बसला आहे त्यांना कोणी आणि का मारावे, हा प्रश्न त्या दशकातील सामाजिक तिरस्काराकडे बोट दाखवतो. रोगाने पोकळ झालेल्या समाजाचे हे चित्र मालिका चालू असल्यामुळेच शक्य झाले.

हॅन्सन यांच्यानंतर वाट रुंद झाली. व्हिन्सेंट व्हर्गा यांच्या 'गेविक' (१९८०) मध्ये गूढ वाडा, तरुण ग्रंथपाल आणि वाड्याचा धनी अशी जुन्या भयरम्य कथेची मांडणी दोन पुरुषांच्या प्रेमासाठी वापरली गेली. मायकेल नावा यांच्या 'द लिटल डेथ' (१९८६) मध्ये मेक्सिकन वंशाचा वकील हेन्री रिओस आपल्या प्रियकराच्या मृत्यूचा छडा लावतो. १९८९ पासून अमेरिकेत दिल्या जाऊ लागलेल्या लॅम्डा पुरस्कारांत रहस्यकथेला स्थान मिळाले. जे एकेकाळी टोपणनावाने छापावे लागे, त्याला मानाचे दालन लाभले.

मराठीत या वाटेची सावली सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत दिसते. तिच्यात खून नाही, हेरही नाही. घरात राहायला आलेल्या एका निनावी तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात. तो निघून गेल्यावर दोघे आपापल्या परीने त्याची आठवण मांडतात. तो कोण होता, हे त्या दोन निवेदनांतून वाचकाने जुळवायचे. बहिणीच्या दुःखाला घरात निदान नाव आहे. भावाच्या दुःखाला तेही नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा १८६० च्या दंडसंहितेचे कलम ३७७ लागू होते.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून मुक्त केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाचा अधिकार मान्य करण्यास नकार दिला. म्हणजे खोलीचे दार लावून घेणे हा आता गुन्हा नाही, पण दाराआड वीस वर्षे सोबत राहिलेला माणूस मृताचा कोण, याला कायद्याच्या कागदावर पती वा पत्नी असे उत्तर नाही. ब्रँडस्टेटरपुढचा रिकामा रकाना आपल्याकडे अद्याप रिकामाच आहे. तो भरला जाईपर्यंत या कथांना केवळ करमणुकीचे वाङ्मय म्हणून बाजूला सारता येणार नाही.