शाल्मला ते मागोड

धारवाडजवळ सोमेश्वराच्या देवळाशी उगम पावणारी शाल्मला आपल्या जुन्या घराण्यांना तीर्थ म्हणून परिचित आहे. (शिरसीजवळची सहस्रलिंगाची शाल्मला निराळी.) कलघटगी तालुक्यात तिला हुबळीच्या उणकल तळ्याकडून येणारा नाला मिळतो. तीच पुढे बेडती या नावाने यल्लापूरच्या अरण्यात, मागोड येथे, सुमारे २०० मीटर खाली झेपावते आणि अखेर गंगावळी होऊन अरबी समुद्रास मिळते.

या नदीवर जलविद्युत प्रकल्प उभारण्याचे घाटत असता शिरसी-यल्लापूरकडील सुपारी बागायतदारांनी त्यास विरोध केला. नुसत्या निवेदनांवर ते थांबले नाहीत. १९८१ साली शिरसीत तज्ज्ञांचे चर्चासत्र भरवून, बुडणाऱ्या बागा आणि अरण्य यांचा हिशेब त्यांनी शासनापुढे मांडला. वीज किती मिळेल एवढेच मोजण्याच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हे. प्रकल्प बारगळला.

धारवाड-हुबळीच्या इतिहासलेखनात मात्र या लढ्यास स्थान नाही. मागोड आपल्या लेखी सहलीचे ठिकाण. वास्तविक आपल्या नात्याची साक्ष कटनूरच्या शिवारात मिळते : त्या नाल्यातून हुबळीचे सांडपाणी वाहते, शेतकरी त्यावर भाजीपाला काढतात, आणि उरलेले पाणी बेडतीच्या वाटेला लागते.